घरातले पाच तापमान सेन्सर मधूनच ८५ आणि उणे १२७ दाखवतात. सगळे बदलू की कोडातच ८५ गाळून टाकू?

बदलू नका. आधी शिडी लावून जोड बघा.

'कोडात गाळून टाकू का' हे वाचलं आणि हात शिवशिवले. सोलापुरात आमच्या गच्चीवर सोलर आहे. त्याच्या टाकीत एक डीएस१८बी२० म्हणजे तुमच्यासारखाच तापमान सेन्सर, तिथून वायर खाली न्हाणीघराच्या दारापर्यंत, तिथे छोटा पडदा. अप्पा आकडा बघूनच बादली भरत. संक्रांतीच्या सुमारास मधूनच ८५ यायला लागलं. मी म्हटलं, जोड बघतो. आमचे दाजी सॉफ्टवेअरवाले. ते म्हणाले, "एवढ्यासाठी वर कशाला चढतोस? एक इफ टाक. ८५ आलं की मागचाच आकडा दाखवायचा." दोन मिनिटांत लिहूनही दिलं. घरभर दाजींचं कौतुक, आणि मी म्हणे उगाच घोळ घालतो.

एप्रिलात एक दिवस पडदा सकाळी सहापासून ४१ वरच बसला होता. अप्पांना बारा महिने गरम पाणी लागतं. संध्याकाळी त्यांनी ४१ वाचलं, विसण घातलं नाही, आणि पहिला तांब्या खांद्यावर ओतला. टाकीत दिवसभराचं ऊन. पुढे आठ दिवस खांद्याला मलम.

मग चढलोच. लाल वायरीचा जोड नुसता पीळ देऊन वर काळी टेप मारलेला. टेपचा गोंद उन्हानं पाघळलेला, आत तांबं हिरवं पडलेलं. सेन्सर ठणठणीत! ८५ हा मोजलेला आकडाच नव्हता. वीज मिळताच सेन्सरच्या पोटात आधी तोच असतो. लाल वायर सुटली तरी तो डेटाच्या वायरीतून थोडी वीज ओढून उत्तर देत राहतो, पण मोजायला ती पुरत नाही. उणे १२७ तर सेन्सरचाही नाही, सेन्सर सापडला नाही की लायब्ररी, म्हणजे सेन्सर वाचणारा तयार कोड, तो देते. शिवाय सोलरची टाकी मे महिन्यात खरोखर ८५ ला गेली तर गाळून काय दाखवणार?

तर जोड सोल्डर करा, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. एका डब्यातून पाच दिशांना पाच वायरी काढल्यात त्या मोडा, एकच वायर सगळ्या सेन्सरांपाशी फिरवत न्या. डेटा आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, सगळ्यांत मिळून एकच. वायर फार लांब असेल तर २.२ लावून बघा. लाइटच्या पाइपातूनच ही वायर ओढू म्हणणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवा.

आता कबूल करायला हवं. ८५ फक्त चालू केल्यावर पहिल्यांदाच येत असेल तर चूक कोडाचीच. १२ बिटला, म्हणजे सगळ्यात बारीक मापाला, मोजायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतात, तेवढं तुमचा कोड थांबत नसेल. आणि बाजारात नकली सेन्सरही आहेत, एखादा बदलावा लागेलही.

आमच्या पडद्यावर आता ८५ आलं की आकड्याऐवजी 'जोड बघा' असं येतं. दाजी म्हणतात, हे मी तेव्हाच सुचवलं होतं.