नागपुरात घरच्या टाकीत समुद्रघोडा पाळता येईल का?
नाही, घेऊच नका. 2001 पासून तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे वाघाच्याच यादीत आहे. विकणारा आणि घेणारा दोघंही अडकतात. ‘टाकीतच पैदास झालेला आहे’ हे दुकानदाराचं तोंडी सांगणं कामाचं नाही. तसंही त्याला 22 ते 25 अंशांचं पाणी लागतं. मे महिन्यात खोलीत कूलर लावला तरी टाकी सहज तिशी ओलांडते. गरम पाण्यात जिवाणू फोफावतात आणि शेपटीची कातडी पांढरी पडून सोलते. शिवाय अन्न साठवणारं जठरच नसल्याने गोठवलेली मायसिस कोळंबी दिवसातून 2-3 वेळा भरवावी लागते. खाऱ्या पाण्याचीच हौस असेल तर टाकीत पैदास झालेले क्लाउनफिश (खाऱ्या पाण्यातले लहान पट्टेदार मासे) घ्या. मात्र उन्हाळ्यात चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) त्यांनाही लागेल.