लंडनमध्ये एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, सामने होतात, मग तिथला स्वतःचा संघ का नाही?

प्रेक्षक नाहीत म्हणून नव्हे. 2007 मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर जायंट्स आणि डॉल्फिन्स हे अमेरिकी संघ खेळले, तेव्हापासून लंडनचे सामने खच्चून भरतात. लंडनच्याच टॉटनहॅम क्लबच्या स्टेडियममध्ये तर नेहमीच्या फुटबॉलचं (सॉकरचं) गवत तीन तुकड्यांत बाजूला सरकतं आणि खालचं एनएफएलचं कृत्रिम मैदान उघडं होतं. तयारी एवढी आहे!

खरी अडचण अंतराची. लॉस एंजेलिसहून लंडन म्हणजे सुमारे अकरा तासांचं विमान आणि आठ तासांचा वेळेचा फरक. एखाद्या सामन्यासाठी खेळाडू हे सोसतात, पण निम्मा मोसम असं धावायचं तर दुखापतीतून सावरायला वेळच उरत नाही. त्यात कराचा मुद्दा. खेळाडूंच्या पगारावरची एकूण मर्यादा सगळ्या संघांना सारखीच, पण ब्रिटनमध्ये वरच्या उत्पन्नावर 45 टक्के कर, तर फ्लोरिडात राज्याचा आयकरच नाही. मग चांगला खेळाडू लंडनचा करार का स्वीकारेल?

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा संघ 2013 पासून जवळपास दरवर्षी लंडनला येतो. मला हीच वाट योग्य वाटते. फक्त त्यापायी जॅक्सनव्हिलच्या चाहत्यांचा घरचा सामना जातो, ते मनाला लागतं.