टायमिंग लूप पहिल्यांदा लिहितोयस? आधी एवढंच कर

मित्रा, टायमिंग लूप म्हणजे आलेल्या रेडिओ सिग्नलमधला प्रत्येक सिम्बॉल (डेटाचा एकेक तुकडा) नेमक्या कोणत्या क्षणी वाचायचा हे शोधणारा कोड. गंगापूर रोडच्या गच्चीवरून पकडलेला सिग्नल सध्या बाजूला ठेव. आधी स्वतःच बीपीएसके सिग्नल (० आणि १साठी एकच लहर, फक्त उलटसुलट) तयार कर, त्यात मुद्दाम पाव सिम्बॉलचा उशीर घाल आणि लूपला तो शोधू दे. उत्तर आधीच माहीत असलं की चूक लगेच सापडते.

वेळेची चूक मोजायची पद्धत गार्डनर या अभियंत्याचीच घे, १९८६ची. दर सिम्बॉलला दोनच सॅम्पल (सिग्नलची मापं) लागतात, आणि कॅरिअर फेज (वाहक लहर तिच्या चक्रात कुठे आहे ते) जुळलेली नसली तरी ती चालते.

नव्यांच्या नेहमीच्या चुका:
- मॅच्ड फिल्टर (सिम्बॉलच्या आकाराला जुळवलेला, नॉइज कमी करणारा) लूपनंतर लावणं. तो आधी हवा.
- सलग शून्यांवर चाचणी. सिग्नल बदलतच नाही, मग वेळ कशावरून कळणार?
- लूप बँडविड्थ (लूप चुकीला किती पटकन प्रतिसाद देतो ते) मोठी ठेवणं. लॉक पटकन होतो, म्हणजे योग्य वेळ लवकर सापडते, पण कॉन्स्टेलेशनचे (वाचलेल्या सिम्बॉलच्या आलेखाचे) ठिपके थरथरत राहतात. सिम्बॉल रेटच्या १ टक्क्यापासून सुरुवात कर.

अडलास तर रविवारी नाशिकमध्येच आहे, लॅपटॉप घेऊन ये.