छोटे दुकानदार यूपीआय घ्यायला कुरकुर का करतात? कर चुकवायचा असतो म्हणूनच ना?

प्रश्नातच उत्तर घालून विचारलंय तुम्ही. आमच्या दाजींनी, म्हणजे नणंदेच्या मिस्टरांनी, हेच वाक्य आमच्या घरात आमच्याच ताटावर बसून ऐकवलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात आमचं किराणा दुकान आहे.

कराचं आधी उरकते. जीएसटी विक्रीवर लागतो. पैसे गल्ल्यात पडले की खात्यात, याच्याशी त्याचा संबंध नाही. नुसता माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीही लागत नाही. आयकरात लहान धंद्यांसाठी अंदाजाने नफा धरायची सोय आहे (1961 च्या कायद्यातलं कलम 44एडी), तिच्याखाली रिटर्न भरणाऱ्याला रोख विक्रीवर 8 टक्के नफा धरावा लागतो, बँकेतून आलेल्या पैशांवर 6. म्हणजे कागदावर तरी यूपीआयवालाच फायद्यात. मग 2025 च्या जुलैत बंगळुरातल्या दुकानांवर ‘नो यूपीआय, ओन्ली कॅश’ अशा पाट्या का लागल्या? कर्नाटकच्या कर खात्याने यूपीआयने जमा झालेल्या रकमा बघून लहान विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या म्हणून. त्यात दूध-भाजीवालेही होते, ज्यांच्या मालावर करच नाही. आरडाओरडा झाल्यावर सरकार मागे सरलं, पण तोवर धडकी भरायची ती भरली होती.

दाजींचं दुसरं म्हणणं असं, की ‘तुम्हा लोकांना नवीन काही शिकायचंच नसतं.’ नोटबंदीत आमच्या गळ्यात एक स्वाइप मशीन मारलं होतं. भाडं आमचं, कागदाचा रोल आमचा आणि रेंज दुकानाच्या पायरीवर. मशीन हातात धरून आम्ही रस्त्यावर उभे, गिऱ्हाईक उन्हात पिन दाबतंय. वर प्रत्येक व्यवहाराला कात्री. साखरेच्या पोत्यामागे सुटतं किती, म्हणून त्यातला टक्का बँकेला द्यायचा? मशीन खोक्यात गेलं ते गेलंच. मग वॉलेट आली, पण होलसेलवाल्याला पैसे बँकेतूनच लागायचे. यूपीआय 2016 लाच आलं होतं. आमच्या पेठेत ते रुजलं ते एकाच क्यूआरवर कुठलंही ॲप चालायला लागल्यावर, आणि 1 जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याला त्यावरचं शुल्क गेल्यावर. पाठोपाठ करोना आला आणि नोटेला हात लावायला माणसं घाबरायला लागली. त्यात शिकवायला कोणी आलं नव्हतं. फुकट होतं, लगेच खात्यात पडत होतं, म्हणून घेतलं. पेठेत पहिला क्यूआर आमच्याच काउंटरवर लागला, हेही दाजींच्या माहितीसाठी.

तरी बाजाराच्या दिवशी त्याचा वैताग यायचा. दुकानात माणूस मावत नाही, ह्यांचा एक हात तराजूवर, आणि चारजण ‘गेले बघा पैसे’ म्हणत मोबाइल नाकासमोर धरतात. तो स्क्रीन आत्ताचा की परवाचा, कोण बघणार? साउंडबॉक्स आला आणि हा तमाशा संपला. आता मागे गोडाऊनमध्ये पोतं उसवणाऱ्या पोऱ्यालाही कळतं, दोनशे चाळीस आले. शंभर-सव्वाशे भाडं महिन्याला जातं, पण ते देताना मी कधी कुरकुरले नाही.

आणि मग दिवाळीच्या तोंडावर जे झालं, ते. एका अनोळखी गिऱ्हाइकाने तेलाचे डबे आणि साखर नेली. बिल साडेचार हजारांच्या आसपास. साउंडबॉक्स बोलला, माल टेम्पोत चढला, विषय संपला. पुढे ह्यांनी होलसेलवाल्याला पैसे पाठवायला घेतले तर जाईनात. बँकेत गेल्यावर कळलं, खात्याला होल्ड. परराज्यात कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली होती, त्याने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, आणि त्याचे पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरत फिरत थोडे आमच्याकडे तेलापोटी आले होते. बरं, अडकवलं काय, तर साडेचार हजार नव्हे, अख्खं खातं! ऐन सीझनचं सगळं भांडवल त्यात. साहेब म्हणाले, ‘आमच्या हातात काही नाही, तिकडच्या पोलिसांना मेल करा.’ भाचीकडून इंग्रजीत मेल लिहून घेतला. बिलाची प्रत, दुकानाचं लायसन, कॅमेऱ्यातला डबे उचलतानाचा फोटो, सगळं जोडलं. खातं सुटलं ते दिवाळी उलटून गेल्यावर. तोवर होलसेलवाल्याने नुसत्या शब्दावर माल सोडला, आणि हमाली चुकती झाली ती गल्ल्यातल्या रोकडीतून. होय, त्याच रोकडीतून, जिला दाजी काळा पैसा म्हणतात.

दाजी स्वतः बँकेत आहेत. त्या वेळी फोन केला तर म्हणाले, ‘वहिनी, पैसे कुणाचे येतात ते बघून घेत जा की.’ कसं बघायचं, सांगा ना. गिऱ्हाइकाच्या खात्यात पैसे कुठून आले ते मला दिसतं का? खोटी पाचशेची नोट आली तर पाचशे बुडतात. इथे पैसे खरे होते, माल खरा होता, तरी दुकान बंद पडायची वेळ आली. 2023 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणांत सांगितलंय, की वादातली रक्कम तेवढीच अडकवा. आम्हाला हे नंतर एका वकिलाकडून कळलं. बँकवाल्यांना माहीत नसेल?

चलनातल्या नोटा नोटबंदीच्या आधी 18 लाख कोटी रुपयांच्या आत होत्या, आज त्या दुपटीच्या वर आहेत. आणि यूपीआयच्या व्यवहारांची नुसती संख्या ऑगस्ट 2025 या एका महिन्यात 2000 कोटींवर गेली. दोन्ही एकदम वाढतंय, कारण माणसं दोन्ही खिशात ठेवतात. आम्हीही ठेवतो.

आता हेही खरं, की कर चुकवणारे आहेत. आमच्याच लाइनीतला एकजण दोन क्यूआर ठेवतो, एक दुकानाचा आणि एक मेहुण्याच्या नावाचा, आणि मोठं बिल असलं की दुसरा पुढे सरकवतो. त्याच्यासाठी मी भांडणार नाही. आणि यूपीआय नको असंही मी म्हणत नाही. सुट्ट्याच्या जागी चॉकलेट द्यायचं आमचं कधीच बंद झालं, एजन्सीचं पेमेंट, लाइट बिल सगळं फोनवरून जातं.

तुम्ही गिऱ्हाईक असाल तर बाजाराला येताना शे-दोनशे रोख ठेवा, आणि पैसे अडकले की दुकानदाराशी हुज्जत घालू नका. स्वतः दुकानदार असाल तर गिऱ्हाइकाचे पैसे येणारं खातं आणि होलसेलवाल्याला द्यायचं खातं वेगवेगळं ठेवा, रोजचे रोज इकडून तिकडे वळवा. मोठ्या बिलाची प्रत जपून ठेवा. होल्ड लागलाच तर बँकेकडून तक्रारीचा नंबर आणि कुठल्या ठाण्याची तक्रार आहे ते लेखी घ्या, आणि वादातली रक्कम सोडून बाकीचं खातं खुलं करा असा अर्ज त्याच दिवशी द्या, पोच घेऊन. पाहुण्यांत कोणी बँकेत असेल तर त्याला मात्र सगळ्यात शेवटी विचारा.