पळसाला पानं तीनच

सोनू बाळा,

परवा फोनवर तुझा आवाज रडवेला होता. नव्या शाळेतही मुली आपापले गट करून बसतात, तुला कुणी बोलावत नाही. आजीला सांगितलंस तर ती म्हणाली, "कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच गं." मग तू मला विचारलंस, "आई, मी काय सांगतेय आणि आजी झाडाचं काय बोलतेय?"

पळस तू पाहिलेला नाहीस. आपण राहतो त्या देशात तो दिसणारही नाही. माझ्या आजोळी, यवतमाळकडे, बांधाबांधावर पळस. एका देठाला तीन पानं: मधलं मोठं, बाजूची दोन जराशी तिरपी. झाड माळावरचं खुरटं असो की ओढ्याकाठचं उंच, देठाला पानं तीनच. गाव बदललं म्हणून माणसाचा स्वभाव बदलत नाही, असं आजीला म्हणायचं होतं.

बहुतेक जण ही म्हण सुस्कारा टाकून म्हणतात. मला मात्र तिच्यात निराशा दिसत नाही. याच पानांच्या पत्रावळी माझी आजी लावायची. काडीचं टोक पानातून घालायचं, वर काढायचं, उरलेली काडी तिथेच मोडायची, की पुढचं पान. मी शेजारी बसून पानं पुसून द्यायचे. लग्नाची अख्खी पंगत त्यांवर जेवून उठायची. पानं तीनच आहेत म्हणून पळस कुणी तोडला नाही गं.

अशा कितीतरी म्हणी रानात राबणाऱ्यांनी केल्या. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' हीच बघ. ऑक्टोबर संपता संपता सूर्य स्वाती नक्षत्रात असतो. तेव्हा पाऊस झाला की सोलापूरकडच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी जोम धरते. मोती म्हणजे तिचे टपोरे दाणे. वर्षानुवर्षं आभाळाकडे डोळे लावून बसल्याशिवाय असं बोलणं सुचत नाही.

सुट्टीत आजीकडे गेलीस की ती दारातच म्हणेल, "आलं का उंबराचं फूल!" म्हणजे क्वचित दिसणारं माणूस. तेव्हा तिला परसातलं एक उंबर फोडून दाखवायला सांग. बारीक बारीक फुलं आत दाटीनं बसलेली असतात.

तुझी,
आई