पिशवी काढण्याआधी

पत्र: ताई, मी ४१ वर्षांची, कात्रजला राहते. वर्षभर पाळीत आठ-आठ दिवस खूप अंगावरून जातं. सोनोग्राफीत पिशवीला फायब्रॉइडची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका. सासूबाई आणि हेही म्हणतात, दोन मुलं झाली, आता ती ठेवून काय करायचंय? मला भीती वाटते. बोलू कुणाशी?

उत्तर: ऑपरेशनची तारीख अजून घेऊ नकोस. फायब्रॉइड खूप बायकांना असतात, ते जवळजवळ कधीच कॅन्सरचे नसतात आणि पाळी गेल्यावर बहुतेक वेळा आकसतात. तोवर रक्त जाणं आवरायचं कसं, हा खरा प्रश्न. त्यासाठी गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे, काही जणींची पिशवी ठेवून नुसती गाठ काढता येते. कुणाला पिशवी काढणंच योग्य ठरतं, हेही खरं. पण बाकीचे उपाय तुला कुणी सांगितलेच नसतील, तर तुझ्या होकाराला काय अर्थ?

दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव. पुण्यातल्या ससून रुग्णालयाची किंवा मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयाची ओपीडी आहे. विचार, की माझ्या वयात इतकं जातंय तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला हवा का? हिमोग्लोबिन किती आहे? आणि ऑपरेशन करायचंच ठरलं, तर अंडाशय ठेवणार की काढणार? दोन्ही काढले तर पाळी जाण्याचा त्रास एकदम अंगावर येतो, हाडंही लवकर ठिसूळ होतात. ह्यांना सोबत ने. ही उत्तरं त्यांनी डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकलेली बरी.

आपण भिऊन उगाच डॉक्टरांच्या मागे लागतोय असं समजू नकोस. बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. विनाकारण पिशव्या काढणं थांबावं म्हणून केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या लागू करायला सांगितल्या. तेव्हा डॉक्टरला प्रश्न विचारणं हा तुझा हक्कच आहे, त्यात उद्धटपणा नाही.

आता बोलण्याचं. बायकांच्या शरीराबद्दल मोकळेपणाने बोलणाऱ्या संस्था आपल्याकडेच आहेत. ‘मासूम’ १९८७ पासून पुणे जिल्ह्यात, विशेषतः पुरंदरमध्ये काम करते; पुण्यातला ‘तथापि’ ट्रस्टही याच विषयावर काम करतो. तिथे चौकशी कर. व्हॉट्सअॅपवरच्या गटात सोबत मिळते, ती जरूर घे, पण दुसरीच्या गोळ्यांचं नाव वाचून स्वतः सुरू करू नकोस. तिची गाठ वेगळी, तिचं रक्त वेगळं. माझं विचारशील तर तुझ्याच बिल्डिंगमध्ये सुरुवात कर. चाळिशीतल्या एखाद्या शेजारणीला सांग, की माझं फार जातंय गं. तीही हेच दाबून बसलेली असेल, असं मला पत्रांच्या ढिगावरून ठामपणे वाटतं.

आणि दोन तास सलग दर तासाला पॅड भिजू लागलं किंवा चक्कर येऊ लागली, तर घरात कुणाला विचारत थांबू नकोस. रिक्षा कर आणि जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा.