‘मेहिको’त एक्स कुठून आला?

प्रश्न असा आला आहे: स्पॅनिश माणूस मेक्सिको देशाला बोलताना ‘मेहिको’ म्हणतो, मग लिहिताना मधे एक्स (x) का घालतो? ‘डॉन किहोते’ या कादंबरीचं नावही जुन्या छापील प्रतींत एक्सने, आता ‘जे’ (j) या अक्षराने. मराठीत काय लिहावं?

मुळाशी आहे मध्ययुगीन स्पॅनिश, म्हणजे राजा दहाव्या आल्फोन्सोने (१२५२–१२८४) दरबारी लिखापढीत रुजवलेली कास्तेलियन बोली. तिच्यात एक्सचा उच्चार चक्क ‘श’ होता. ‘तो म्हणाला’ हे तेव्हा ‘दिशो’, आज ‘दिहो’. शिवाय ‘चूल’मधला च आणि ‘जाड’मधला ज हेही वर्ण तिच्यात होते: चौक म्हणजे ‘प्लात्सा’. आपल्याला हे उच्चार सहज जमतात. आजच्या स्पॅनिश माणसाला तेच शिकावे लागतील.

१५१९मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसची माणसं मेक्सिकोत उतरली, तेव्हा नाहुआत्ल या तिथल्या भाषेतलं नाव कानाला साधारण ‘मेशिको’ असं पडलं. श ऐकला, एक्स लिहिला. त्यात काही चुकलं नव्हतं. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत उच्चार बदलले. स आणि श यांच्या आसपास फार वर्णांची दाटी झाली होती. त्यातला श मागे सरकत घशात गेला आणि ‘ख़’ झाला (मराठीत जवळचा म्हणून इथे ‘ह’ लिहिलाय). लेखन तसंच राहिलं. १८१५मध्ये स्पॅनिश अकादमीने या उच्चारासाठी ‘जे’ ठरवला. मेक्सिकोने आपला एक्स सोडला नाही. स्पेनमध्ये बराच काळ ‘जे’ चालला, पण आता अकादमीही एक्सचीच शिफारस करते.

जुना श बाहेरच्यांनी जपला. फ्रेंचांचा ‘किशोत’, इटालियनांचा ‘किशोत्ते’. हेरेस गावची दारू इंग्रजीत ‘शेरी’ झाली, कारण गावाचं नाव तेव्हा ‘शेरेस’सारखं उच्चारलं जाई. मला सगळ्यांत आवडणारा पुरावा लादिनोचा. १४९२मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी ही भाषा ऑटोमन मुलखात नेली. तिच्यात पक्षी अजून ‘पाशारो’ आहे, स्पेनमध्ये ‘पाहारो’.

मराठीत ‘मेक्सिको’ रुळलाय, तो राहू द्यावा. ‘क्विक्झोट’ मात्र इंग्रजी स्पेलिंग वाचून आलेला. त्याऐवजी ‘किहोते’ लिहावं. कुणी ‘किशोते’ लिहिलं तर मी भांडणार नाही. कादंबरी आली १६०५मध्ये, आणि तेव्हा हा बदल अजून चालूच होता.